मैदानातून पंगतीत
क्रिकेटवीर कै. पालवणकर बाळू यांचे जीवनचरित्र

कोकणातील माणसाच्या नावामागे त्याचे गाव चालत असते. पोटापाण्यासाठी तो मुंबईस जावो, पुण्यास जावो की पलटणीत भरती होऊन मुलुखाच्या दुसऱ्या टोकाला जावो, आडनावाच्या शेवटी लागलेला 'कर' त्याला आपले मूळ विसरू देत नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराची हाक आली म्हणजे परगावी स्थायिक झालेली घराणी याच नात्याने यथाशक्ती हातभार लावतात. गावात घर उरलेले नसले तरी नावात गाव उरलेले असते.

कोकणातील पालवण या गावाचे नाव लावणाऱ्या अशाच एका घराण्यात भारतीय क्रिकेटचे पहिले थोर गोलंदाज कै. पालवणकर बाळू यांचा जन्म झाला. आज क्रिकेट वाडीवाडीवर खेळले जाते. भाताची कापणी झाली की मळ्यात यष्ट्या रोवल्या जातात आणि मुले ऊन-तहान विसरून खेळात दंग होतात. परंतु या खेळात गोऱ्या साहेबाला त्याच्याच मैदानावर नमविणारा पहिला मोठा गोलंदाज कोण, तो कोणत्या घरातून आला आणि मैदानावर जिंकूनही पंगतीत बसण्यासाठी त्याला किती वर्षे वाट पाहावी लागली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. देवळाच्या स्मरणिकेत एका खेळाडूचे चरित्र यावे याचे कोणास नवल वाटेल. पण हे चरित्र जितके खेळाचे आहे तितकेच ते देवळाच्या दाराचेही आहे.

जन्म आणि घराणे

बाळूंचा जन्म सन १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. घराणे चर्मकार समाजातील. त्या काळी हा समाज अस्पृश्य गणला जाई. पाणवठा निराळा, वस्ती निराळी आणि देवळाच्या पायरीपुढे पाऊल टाकण्यास मज्जाव, अशी ती रीत होती. कोकणातील अशा अनेक कुटुंबांना गावच्या बंधनांतून बाहेर काढणारी एक वाट म्हणजे लष्कर आणि लष्कराच्या आश्रयाने चालणारे उद्योग. बाळूंच्या वडिलांची नोकरीही लष्कराच्याच आसऱ्याची होती. त्या नोकरीपायी कुटुंब पुण्यास आले आणि पुणे हीच या भावंडांची कर्मभूमी झाली.

बाळू थोरले. त्यांच्या पाठीवर शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे भाऊ. या नावांकडे क्षणभर लक्ष द्यावे. शिव आणि राम एकाच नावात, मग गणपती, मग पंढरीचा विठ्ठल. आईबापांनी मुलांना देवांची नावे मोठ्या भक्तीने ठेवली. पण त्या देवांच्या देवळात शिरण्याचा अधिकार मात्र त्या मुलांना नव्हता. पंढरपुरास चोखोबांच्या समाधीपाशी, महाद्वाराबाहेरूनच हात जोडून परतणाऱ्या लाखो भाविकांपैकीच हे एक घर होते.

पुण्याच्या छावणीत गोरे अंमलदार क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू व शिवराम यांनी खेळाचा श्रीगणेशा केला. ना गुरू, ना मैदान, ना पायांत बूट. पाहावे आणि करावे, हीच त्यांची शाळा होती.

रूळ फिरविणारा मुलगा

घरची परिस्थिती बेताची. शिक्षण अर्धवट सोडून बाळूंना नोकरी धरावी लागली. पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात मिळाली. काम खेळपट्टी झाडण्याचे व तिच्यावर रूळ फिरविण्याचे. पगार महिना तीन रुपये. सभासदांना सराव हवा असला म्हणजे मधूनमधून चेंडू टाकावयास मिळे, तेवढाच विरंगुळा.

सन १८९२ च्या सुमारास त्यांना युरोपियन लोकांच्या क्लबात जागा मिळाली. येथे पगार चार रुपये झाला, पण कामेही वाढली. खेळपट्टी तयार करावी, तिच्यावर चुन्याच्या रेघा माराव्यात, सरावाची जाळी उभारावी, टेनिसचे पट आखावेत, अशी सकाळपासून दिवस मावळेपर्यंतची राबणूक. तेथल्या एका साहेबाने एकदा या मुलाच्या हाती चेंडू दिला आणि त्याचा डावा हात पाहून तो चकित झाला. तेव्हापासून साहेबलोकांच्या सरावासाठी बाळूंना नेमाने बोलावणे येऊ लागले.

बाळू डावखुरे, संथ गतीचे फिरकी गोलंदाज. अशा गोलंदाजीत जोर थोडा आणि डोके फार. चेंडू उंच देऊन फलंदाजाला पुढे ओढावयाचे, त्याचा अंदाज चुकवावयाचा आणि टप्पा पडल्यावर चेंडू आत येईल की बाहेर जाईल याचा पत्ता लागू द्यावयाचा नाही, ही त्यातली विद्या. बार्टन नावाच्या एका डावखुऱ्या कप्तानाची सुबक शैली बाळूंनी नुसती पाहून उचलली आणि तासन् तास एकाच जागी चेंडू टाकून ती अंगी मुरविली. ज्या खेळपट्टीवर स्वतः रूळ फिरविला तिची नाडी त्यांच्याइतकी कोणास ठाऊक असणार? दव कोठे जास्त पडते, ऊन कोठे आधी लागते, माती कोठे भुसभुशीत राहते, हे सारे त्यांच्या हातापायांना माहीत होते. ज्या कामाला लोक हलके म्हणत होते त्याच कामाने त्यांना मैदान वाचावयास शिकविले.

पुण्याच्या गोऱ्या खेळाडूंत त्या वेळी जे. जी. ग्रेग हे अव्वल फलंदाज होते. लोक त्यांना जंगली ग्रेग म्हणत. हे ग्रेगसाहेब इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि बाळूंकडून सराव करून घेत. बाळूंनी आपणास बाद केले की दर खेपेस आठ आणे बक्षीस द्यावयाचे, असा त्यांनी परिपाठ ठेवला होता असे सांगतात. चार रुपये पगाराच्या माणसाने महिन्यातून आठ वेळा साहेबाला बाद केले तर त्याचा पगार दुप्पट व्हावा, असा तो हिशेब. अशा रीतीने इंग्रजांच्या उत्तम फलंदाजाविरुद्ध रोज पारख होऊन बाळूंची गोलंदाजी घडली. मात्र इतकी वर्षे चेंडू टाकूनही बॅट हाती देऊन त्यांना फलंदाजीचा सराव कोणी करू दिला नाही. फलंदाजी हे साहेबाचे काम आणि चेंडू टाकणे हे नोकराचे, अशी तेव्हाची समजूत होती.

मातीचे पात्र

बाळूंची कीर्ती मैदानाच्या कुंपणापलीकडे गेली. पुण्यातील हिंदूंचा संघ त्या वेळी युरोपियनांशी सामने खेळत असे. त्या संघाला असा गोलंदाज हवा होता. परंतु चर्मकार समाजाच्या माणसाला संघात घ्यावे की नाही यावर वाद माजला. सनातनी मंडळींचा विरोध होता, तर काही तेलुगू सभासदांनी बाळूंची बाजू घेतली. खुद्द ग्रेगसाहेबांनीही हिंदूंनी अशा गोलंदाजाला दूर ठेवणे हा मूर्खपणा ठरेल असे मत जाहीरपणे दिले, असे चरित्रकार नोंदवितात. अखेर विजयाची इच्छा विटाळाच्या भीतीवर मात करून गेली आणि बाळू संघात आले.

पण कसे आले? मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळला. बाळूंच्या हातून सुटलेला चेंडू ब्राह्मण यष्टिरक्षकाने झेलला, पुन्हा बाळूंच्या हाती दिला आणि त्यात कोणाचा धर्म बुडाला नाही. परंतु चहाची सुटी झाली की चित्र पालटे. इतर खेळाडू तंबूत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत. बाळूंना चहा तंबूबाहेर, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या पात्रात मिळे. तोंड धुवावयाचे झाले तर त्यांच्याच समाजातील नोकराने एका कोपऱ्यात पाणी घालावयाचे. जेवणाचे ताट वेगळे, जागाही वेगळी. संघासाठी बळी घ्यावेत बाळूंनी आणि संघाच्या पंगतीत मात्र त्यांना पाट नाही, असा तो न्याय होता.

हा अपमान बाळूंनी कसा सोसला असेल याची कल्पनाच केलेली बरी. त्यांनी मैदान सोडले नाही, की हातचा चेंडू ढिला पडू दिला नाही. त्यांचे उत्तर प्रत्येक सामन्यात धावफलकावर लिहिले जात होते.

सातारची गोष्ट प्रसिद्ध आहे. तेथील गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून आठवडाभर रूळ फिरवून खेळपट्टी गुळगुळीत केली होती. रूळ फिरविण्यात ज्याचे बालपण गेले त्याला रुळाने अडविण्याचा हा बेत! बाळूंनी त्या खेळपट्टीवर सात बळी घेतले आणि हिंदूंचा संघ जिंकला. या विजयानंतर त्यांची हत्तीवरून मिरवणूक निघाली असे सांगतात. पुण्यास परतल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना जाहीर समारंभात हार घातला आणि ज्याच्याबरोबर खेळता येते त्याच्याबरोबर जेवताही आले पाहिजे, असा विचार मांडला. लोकमान्य टिळकांनीही त्यांचा सत्कार केल्याचे चरित्रकार सांगतात. रानड्यांचा तो विचार साधा होता, परंतु तो मानण्यास समाजाला अर्धे शतक लागले.

मुंबईस प्रयाण

सन १८९६-९७ च्या सुमारास प्लेगने पुणे-मुंबईकडे थैमान घातले. याच सुमारास बाळूंनी पुणे सोडून मुंबईची वाट धरली. मुंबईत १८९४ साली परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना स्थापन झाला होता. तेथेही त्यांना प्रवेश देण्यास काही सभासदांनी विरोध केला. परंतु संघाचे कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरला आणि बाळू जिमखान्याचे खेळाडू झाले. पुढे बाँबे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी लागली व रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले. कालांतराने शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे भाऊही मुंबईच्या मैदानावर चमकू लागले. एका घरातील चौघे भाऊ, चौघेही अव्वल खेळाडू, हे दृश्य त्या काळी विरळाच होते.

गिरणगावात आणि रेल्वेच्या चाळीत राहणाऱ्या कोकणी चाकरमान्याला त्या दिवसांत पालवणकर बंधूंचा मोठा अभिमान वाटे. सामन्याच्या दिवशी मैदानाभोवतीची गर्दी तिकीट काढून बसणाऱ्यांपुरती राहत नसे. झाडांवर, भिंतींवर, जेथे जागा मिळेल तेथे माणसे उभी राहत.

१९०६ चा विजय

मुंबईत १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांचे सामने दरसाल होत असत. हिंदूंनी १९०६ च्या फेब्रुवारीत युरोपियनांना आव्हान दिले. मुंबई इलाख्यातील निवडक गोरे खेळाडू एका बाजूस आणि प्रथमच एकत्र आलेला हिंदूंचा संघ दुसऱ्या बाजूस. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपियनांचा डाव १९१ धावांत संपला. दुसऱ्या डावात हिंदूंनी १६० धावा जमविल्या आणि मग युरोपियनांचा अख्खा संघ अवघ्या १०२ धावांत गारद झाला. १०९ धावांनी हिंदू विजयी झाले. बाळूंनी दोन्ही डाव मिळून आठ बळी घेतले. भाऊ शिवरामही त्याच संघात होते.

ज्या इंग्रजांनी हा खेळ या देशात आणला त्यांचा त्यांच्याच खेळात पराभव झाला, म्हणून देशभर आनंद झाला. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस होते, त्यामुळे या विजयाला निराळेच तेज चढले. परंतु जाणत्या सुधारकांनी या विजयात आणखी एक गोष्ट पाहिली. पुण्यात ज्याला तंबूबाहेर मातीच्या पात्रातून चहा मिळे, तोच बाळू मुंबईत हिंदू जिमखान्याच्या मंडळींबरोबर एकत्र बसून जेवू लागला होता. त्या काळच्या सुधारकी वृत्तपत्राने या बदलाची मुद्दाम नोंद घेतली आणि क्रिकेटने जे साधले ते समाजाने इतरत्रही साधावे अशी आशा व्यक्त केली. मैदानातून पंगतीपर्यंतचे हे अंतर काही पावलांचे, पण ते चालावयास बाळूंना जवळजवळ दहा वर्षे लागली.

विलायतेची स्वारी

सन १९११ मध्ये हिंदुस्थानचा पहिला प्रातिनिधिक संघ इंग्लंडला गेला. हिंदू, मुसलमान, पारशी आणि शीख असे सर्व धर्मांचे खेळाडू त्यात होते. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग कर्णधार होते. बाळू आणि शिवराम हे दोघे बंधू या संघात निवडले गेले. बाळूंचे वय तेव्हा पस्तिशीच्या घरात होते आणि खांद्याच्या दुखापतीने त्यांना मधूनमधून सतावले होते.

संघाची कामगिरी एकंदरीत बेताची झाली. पहिल्या दर्जाच्या १४ सामन्यांपैकी फक्त २ जिंकता आले. परंतु या पराभवांच्या रांगेतही बाळूंचे नाव झळकले. सर्व सामने मिळून त्यांनी ११४ बळी घेतले व दर बळीमागे १९ धावाही दिल्या नाहीत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एकाच डावात आठ गडी बाद केले. लीस्टरशायरवर मिळविलेल्या विजयात दोन्ही डावांचे मिळून अकरा बळी एकट्या बाळूंचे होते. सॉमरसेटविरुद्धच्या विजयात शिवराम यांनी नाबाद शतक झळकाविले. दौऱ्यातील दोन्ही मोठ्या विजयांवर अशी पालवणकर घराण्याची मोहोर उमटली.

विलायतेत पाहुण्यांच्या मेजावर बाळूंना कोणी जात विचारली नाही. इंग्लंडच्या क्रिकेट जाणकारांनी त्यांची गणना उत्तम डावखुऱ्या गोलंदाजांत केली. स्वदेशी परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र लिहिणारा तरुण विद्यार्थी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगास परिचित झाला, अशी नोंद चरित्रकारांनी केली आहे. दलित समाजातील तरुणांच्या एका पिढीला बाळूंच्या रूपाने प्रथमच असा वीर मिळाला होता की ज्याच्या गुणाचा स्वीकार शत्रू-मित्र सर्वांनीच केला होता.

कर्णधारपदाचा प्रश्न

इतके असूनही एक मान बाळूंना मिळाला नाही, तो म्हणजे हिंदू संघाचे कर्णधारपद. १९१० नंतर अनुभवाने व कर्तबगारीने त्यांचाच हक्क पहिला होता. संघाचे कर्णधार मु. दा. पै यांनी स्वतः १९१३ साली जाहीर समारंभात हा मान आपले मित्र बाळू यांना मिळावयास हवा होता असे मोकळेपणाने बोलून दाखविले. परंतु निवड समितीचे मन वळले नाही. बाळूंनी बळी घ्यावेत हे सर्वांना मान्य होते. बाळूंच्या आज्ञेवरून उच्चवर्णीय खेळाडूंनी मैदानात जागा बदलाव्यात, हे मात्र अनेकांना मानवत नव्हते.

१९२० च्या डिसेंबरात या प्रश्नाला तोंड फुटले. चौरंगी सामन्यांसाठी निवडलेल्या हिंदू संघातून बाळूंना वगळण्यात आले. पै आजारी असल्याने कर्णधारपद पुण्याचे तरुण खेळाडू दि. ब. देवधर यांच्याकडे गेले. देवधर गुणी खेळाडू होते आणि पुढे त्यांनी मोठी कीर्तीही मिळविली. पण अनुभवाने विठ्ठल व शिवराम त्यांच्या पुढे होते. या दोघा भावांनी जातीमुळे आपणास डावलले गेले असे जाहीर करून संघातून आपली नावे काढून घेतली. आजवर निमूटपणे सोसणाऱ्या घराण्याने प्रथमच उघडपणे न्याय मागितला. त्याच महिन्यात नागपूर येथे काँग्रेसने अस्पृश्यता-निवारणाचा पुरस्कार केला होता. लोकमत पालवणकरांच्या बाजूने उभे राहिले. अखेर पै बरे होऊन कर्णधार झाले, बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले आणि दोघे भाऊ संघात परतले. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले असता संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. वयाच्या पंचेचाळिशीत, कारकिर्दीच्या अगदी शेवटी, हिंदूंच्या संघाने त्यांच्या आज्ञेवर क्षेत्ररक्षण केले.

राहिलेले काम धाकट्या भावाने पुरे केले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले, त्यांच्या संघाने युरोपियनांना हरविले आणि प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून मिरविले. ज्याच्या सावलीचा विटाळ मानावयाचा त्याला खांद्यावर घेण्यासाठी लोकांत अहमहमिका लागली. विठ्ठल यांनी पुढे १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले. पालवणकर बंधूंच्या अनेक आठवणी त्यामुळे मराठीत शिल्लक राहिल्या.

बाळूंच्या नावावर पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी नोंदले गेले आहेत. दर बळीमागे सरासरी सुमारे १५ धावा, ही कामगिरी कोणत्याही काळात श्रेष्ठच मानली जाईल. आणि यात पुण्याच्या दिवसांतील शेकडो बळींचा हिशेब नाही, कारण त्या सामन्यांची नोंद पहिल्या दर्जात झालेली नाही.

समाजकार्य आणि अखेरचे दिवस

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात उतरले. १९३२ साली अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले. त्या वेळी डॉ. आंबेडकर आणि इतर पुढाऱ्यांत झालेल्या वाटाघाटींत बाळू सहभागी होते आणि २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. ज्या पुण्यात महिना चार रुपयांवर त्यांनी रूळ फिरविला होता त्याच पुण्यात देशाच्या भवितव्याच्या कागदावर त्यांनी आपले नाव लिहिले.

बाळू व बाबासाहेब यांची वाट मात्र पुढे वेगळी झाली. बाबासाहेबांनी १९३५ साली येवले येथे धर्मांतराची घोषणा केली, ती बाळूंना पटली नाही. हिंदू समाजात राहूनच तो सुधारावा असे त्यांचे मत होते. १९३३ साली ते मुंबई नगरपालिकेच्या निवडणुकीस उभे राहिले व हरले. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. एकाच अन्यायातून वर आलेली, एकाच समाजाचे भले चिंतणारी ही दोन माणसे त्या दिवशी समोरासमोर उभी होती. कोणाचा मार्ग बरोबर याचा निवाडा ज्याचा त्याने करावा. दोघांनाही त्या मार्गावर कोणी लोटले होते, ते समाजाने विसरू नये.

बाळूंच्या हयातीतच देवळांची दारे एकेक करून उघडू लागली. १९३१ साली रत्नागिरीत दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने सर्व हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर उभे राहिले. १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना खुले झाले. आईबापांनी ज्याचे नाव धाकट्या मुलास ठेवले होते त्या देवासमोर उभे राहण्याचा हक्क या घराला मिळाला, तेव्हा बाळूंनी सत्तरी ओलांडली होती. १९५० साली घटनेने अस्पृश्यता नष्ट केली. तिचे पालन हा गुन्हा ठरविणारा कायदा १ जून १९५५ पासून अमलात आला आणि त्यानंतर महिन्याभराने, जुलै १९५५ मध्ये, मुंबईत बाळूंनी इहलोकीची यात्रा संपविली. अंत्ययात्रेस जुने खेळाडू व सार्वजनिक कार्यकर्ते हजर होते.

या चरित्राचा बोध

बाळूंच्या मागे मोठी इस्टेट नव्हती. अनेक वर्षे त्यांचे नावही फारसे कोणी घेत नसे. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर इतिहासकारांनी त्यांचे चरित्र नव्याने लोकांपुढे आणले, तेव्हा भारतीय क्रिकेटचा पहिला महान गोलंदाज कोण याची पुष्कळांना प्रथमच जाणीव झाली.

जीर्णोद्धार म्हणजे जुने ते मोडून नवे करणे नव्हे. जे जीर्ण झाले ते काढावयाचे आणि जे टिकाऊ आहे ते अधिक बळकट करावयाचे, हा त्याचा अर्थ. दगड, चुना, लाकूड यांचा जीर्णोद्धार पैशाने होतो. रीतीभातींचा जीर्णोद्धार माणसांच्या मनाने करावा लागतो. पुण्याच्या मैदानावर चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता. एकाच माणसाचा हात एका घटकेस हवाहवासा आणि दुसऱ्या घटकेस नकोसा, ही विसंगती त्या काळच्या शहाण्यासुरत्यांना दिसली नाही. देवळाच्या बांधकामास ज्यांचे हात लागतात, वर्गणी ज्यांच्याकडून घेतली जाते, पालखीपुढे ज्यांचे ढोल वाजतात, त्या सर्वांचे पान महाप्रसादाच्या एकाच पंगतीत मांडले गेले पाहिजे, हाच पालवणकर बाळूंच्या जीवनाचा सांगावा आहे.

गावचे नाव आडनावात घेऊन निघालेल्या एका गरीब घरातील मुलाने टाकून दिलेल्या चेंडूवर खेळ शिकला, रूळ ओढता ओढता मैदान वाचले, अपमान गिळून देशाला विजय दिला आणि आपल्यामागून येणाऱ्यांसाठी पंगतीची वाट मोकळी केली. अशा या थोर खेळाडूच्या पवित्र स्मृतीस समस्त ग्रामस्थ, चाकरमानी मंडळी व देणगीदार यांच्यातर्फे विनम्र अभिवादन!